स्वतःचे नाव : स्त्री-मताधिकार आणि मराठी आत्मकथनाची भाषा

स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सामान्यतः शिष्टमंडळे, समित्या, ठराव आणि कायदे यांच्या क्रमाने सांगितला जातो. न्यूझीलंडमध्ये १८९३, फिनलंडमध्ये १९०६, इंग्लंडमध्ये १९१८ साली अंशतः आणि १९२८ साली पूर्णतः, भारतात १९२१ पासून प्रांताप्रांतांतून आणि अखेर १९५० च्या संविधानाने, असा हा क्रम आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला तो पुरेसा वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक उणीव जाणवते. मतदारयादी हाही एक लिखित मजकूर आहे. त्या मजकुरात प्रवेश करावयाचा तर व्यक्तीला नाव असावे लागते, ते तिने उच्चारावे लागते आणि दुसऱ्या कोणी ते लिहून घ्यावे लागते. भारतीय स्त्रीच्या बाबतीत या तिन्ही क्रिया सहज घडणाऱ्या नव्हत्या. त्या का सहज नव्हत्या, याचे उत्तर कायद्याच्या ग्रंथांपेक्षा स्त्रियांच्या आत्मकथनांत अधिक सापडते. उलट बाजूने पाहता, मताधिकाराचा इतिहास समोर ठेवला म्हणजे ही आत्मकथने, विशेषतः रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे पुस्तक, वेगळ्या रीतीने वाचणे भाग पडते.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग त्याच्या अखेरीस, म्हणजे हक्क मिळून गेल्यानंतर घडला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत असताना असंख्य स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपले नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, अमुकची आई, अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारू नयेत असे ठरविले. नाव मिळविण्यासाठी पुन्हा प्रयत्न झाले, बिहारला त्यासाठी मुदतही वाढवून देण्यात आली. तरीही देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. गळली असे म्हणताना शब्द अडखळतो, कारण जे यादीत कधी आलेच नव्हते ते गळणार कसे? या स्त्रिया प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतील होत्या. ओर्नित शनी यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने संविधान अमलात येण्यापूर्वीच सरकारी कचेऱ्यांतून प्रौढ मताधिकाराची यादी कशी आकाराला आली, हे तपशिलाने दाखविले आहे. सार्वत्रिक मताधिकार हा येथे प्रथम यादीच्या रूपाने अवतरला, हे त्या विवेचनाचे सार साहित्याच्या अभ्यासकालाही मोलाचे आहे.

सेन यांच्या निर्णयाला कोरडी नोकरशाही म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. ‘अमक्याची बायको’ ही नोंद त्यांनी तशीच राहू दिली असती, तर त्या अमक्याच्या दुसऱ्या बायकोत आणि हिच्यात फरक कसा करावयाचा, हा व्यवहारातला प्रश्न होताच. शिवाय मत हे व्यक्तीचे असते, नात्याचे नव्हे, हे तत्त्वही त्या नोंदीने निकालात निघाले असते. मात्र नाव न सांगणाऱ्या त्या स्त्रियांना केवळ अडाणी समजणे हेही तितकेच अपुरे आहे. नाव परक्या पुरुषाला सांगावयाचे नसते, ते राखून ठेवावयाचे असते, अशी एक भाषिक मर्यादा त्या पाळत होत्या. मर्यादेचा हा व्यवहार भारतभर निरनिराळ्या रूपांत होता, आणि त्याचे मराठी रूप आगळे आहे.

मराठीत ‘नाव घेणे’ या शब्दप्रयोगाचा एक अर्थच उखाणा घेणे असा आहे. घेतले जाणारे नाव पतीचे असते. एरवी जे उच्चारावयाचे नाही ते यमकाच्या आडोशाने, चार माणसांत, हसतखेळत उच्चारण्याची ती मुभा आहे. उखाण्याची रचना स्त्रीची, शब्दांची निवड तिची, सभाधीटपणा तिचा. ज्या शब्दासाठी ही सारी रचना उभी राहते तो शब्द मात्र तिचा नव्हे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी उखाण्यांचे संग्रह पुष्कळ केले, पण या रचनाबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. दुसरी रूढी विवाहविधीतील. ताटात तांदूळ पसरून त्यावर वधूचे नवे नाव वर अंगठीने लिहितो. म्हणजे विवाहित स्त्रीचे नाव प्रथम लिहिले जाते ते दुसऱ्याच्या हाताने, आणि तांदळावर. यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली, मनकर्णिका गोखलेची लक्ष्मीबाई टिळक झाली, बाळूताई खरेची मालतीबाई बेडेकर झाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांची नावे आदराने घेतली जातात त्यांतील कितीतरी लेखिकांची नावे त्यांना अशी मिळालेली आहेत. यादी करणारा कर्मचारी ‘तुमचे स्वतःचे नाव सांगा’ असे म्हणतो तेव्हा या ‘स्वतःचे’चा अर्थ काय लावावयाचा?

‘स्वतः’ या शब्दाचा प्रश्न आला की रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाकडे वळणे अपरिहार्य ठरते. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या या आठवणींत रमाबाई न्यायमूर्ती रानडे यांचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, ‘ते’ म्हणावे तर संदिग्धता येते, म्हणून घरगुती भाषेतील हा शब्द त्यांनी ग्रंथभर योजिला. १९३८ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा त्याचे शीर्षकच या शब्दावरून घेण्यात आले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर येथे काही विलक्षण घडते. जे आत्मवाचक सर्वनाम बोलणाऱ्या व्यक्तीकडे परत यावयाचे, ते पतीकडे कायमचे निघून जाते. निवेदिका ‘मी’ म्हणते, पण ‘स्वतः’ म्हणत नाही. म्हणते तेव्हा तिला दुसरेच कोणी अभिप्रेत असते. शीर्षकातही ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे. वास्तविक १९०१ साली न्यायमूर्तींचे निधन झाले होते आणि लेखनाच्या वेळी रमाबाई एकट्या होत्या. तुलनेसाठी पार्वतीबाई आठवले यांचे १९२८ चे आत्मकथन पाहावे. तिचे शीर्षक ‘माझी कहाणी’ असे आहे. वैधव्याने ‘मी’ आपोआप येत नाही, एवढे या दोन शीर्षकांवरून स्पष्ट व्हावे.

या पुस्तकाची दोन वाचने रूढ आहेत. पहिले वाचन जुने व भाविक आहे: आदर्श सहधर्मचारिणीने वाहिलेली ही श्रद्धांजली. दुसरे गेल्या काही दशकांतील स्त्रीवादी समीक्षेचे: पतीच्या छायेत स्वतःला पुसून टाकणाऱ्या स्त्रीचे हे आत्मकथन. दोन्ही वाचने परस्परविरोधी दिसली तरी त्यांचे गृहीत एकच आहे, ते असे की या पुस्तकात रमाबाई नाहीत. पण त्या आहेत, आणि ज्या ठिकाणी आहेत ती ठिकाणे महत्त्वाची आहेत. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसले, तो भाग घ्यावा. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना जाण्यावरून घरात जे वादळ उठले, तो भाग घ्यावा. अशा प्रसंगांत निवेदन एकदम धारदार होते. कोण काय बोलले, कोणी मान फिरविली, कोण कोणाला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटले, हे रमाबाईंना तीस वर्षांनंतरही जसेच्या तसे आठवते. सभेत काय मांडले गेले यापेक्षा सभेहून परतल्यावर घरात काय झाले, हे त्या अधिक बारकाईने सांगतात. सार्वजनिक जीवनात पाऊल टाकण्याची किंमत ओटीवर आणि माजघरात चुकवावी लागते, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही ठरावाने नोंदविलेली नाही. ती या पुस्तकाने नोंदविली. येथे रमाबाईंना आपल्या काळापुढे गेलेल्या बंडखोर ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या बंडखोर नव्हत्या. परंतु ‘स्वतः’ हा शब्द ज्या वाक्यांत येतो ती सर्व वाक्ये त्यांची आहेत, आणि ती कोठे थांबवावयाची हेही त्यांनीच ठरविलेले आहे.

त्यांच्या नावाची हाक दुसऱ्या रमाबाईंच्या नावाशी जुळते, हा योगायोग वाङ्मयेतिहासात दुर्लक्षित राहिला आहे. पंडिता रमाबाईंचे ‘पंडिता’ हे पद १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिले. ते विवाहाने आले नव्हते आणि विवाहाने गेलेही नाही. त्यांचे अमेरिकेतील लोकस्थितीवरील मराठी पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांच्या संघटना, शिक्षण, व्यवसाय आणि कायदेशीर स्थान यांची इतकी सविस्तर ओळख त्यापूर्वी मराठी वाचकाला झालेली नव्हती. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला काही स्त्री-प्रतिनिधी उपस्थित होत्या, आणि त्यामागे पंडिता रमाबाईंची खटपट होती. मात्र त्या प्रतिनिधींना बोलण्याचा किंवा मत देण्याचा अधिकार नव्हता.

तो अधिकार औपचारिकपणे मागितला गेला १९१७ च्या डिसेंबरात, मद्रासला. भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलेल्या शिष्टमंडळाच्या अग्रभागी सरोजिनी नायडू होत्या, आणि मागणीचा गाभा शब्दाचाच होता: भारतीय जनता असे म्हणताना त्या संज्ञेत स्त्रियांचा अंतर्भाव व्हावा. सरोजिनींचा ‘द ब्रोकन विंग’ हा काव्यसंग्रह याच वर्षीचा. बंगालमध्ये १९२१ पासून चळवळ चालविणाऱ्या बंगीय नारी समाजाच्या नेतृत्वात कामिनी राय या कवयित्री होत्या, आणि १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिणाऱ्या रुकैया सखावत हुसेन त्या कार्यात सहभागी होत्या. भारतीय मताधिकाराची मागणी करण्यात लेखिका इतक्या पुढे का होत्या, या प्रश्नाचे एक साधे उत्तर असे की सही करण्याची सवय असलेल्या स्त्रिया तेव्हा मोजक्याच होत्या. तथापि त्यांच्या कवितेत मताधिकार जवळजवळ येत नाही. सरोजिनींची कविता बांगड्यांच्या, पालख्यांच्या, झुल्यांच्या जगात राहिली. व्यासपीठावरील गद्य निराळ्या जगात वावरले. १९१८ च्या मुंबई काँग्रेसमध्ये ठराव मांडतानाही स्त्री आणि पुरुष यांची कार्यक्षेत्रे भिन्नच राहतील अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली. हक्क मागताना तो वापरून फारसे काही बदलणार नाही असे आश्वासन देण्याची पाळी पुरुषांवर क्वचितच आली असेल.

साउथबरो समितीने मागणी नाकारली; पुष्कळशा पुरुषांनाच अद्याप मताचा उपयोग शिकवावयाचा असताना स्त्रियांना मत देणे अकाली ठरेल, असा तिचा युक्तिवाद होता. हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या मुंबईच्या पारशी मायलेकींनी १९१९ साली लंडनला जाऊन बाजू मांडली. अखेर प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविण्यात आला. १९२१ साली मद्रासने आणि त्यापाठोपाठ मुंबईने लिंगभेदाची अट काढली. मुंबई इलाख्यातील या चळवळीचे संघटन करणाऱ्यांत साठीकडे झुकलेल्या रमाबाई रानडे होत्या.

हा तपशील त्यांच्या चरित्रात एका ओळीत येतो आणि वाचक पुढे जातो. तेथे थांबावयास हवे. अकरा वर्षांपूर्वी ज्या लेखिकेने आत्मवाचक सर्वनाम पतीला देऊन टाकले, तीच आता स्त्रीच्या नावाची स्वतंत्र नोंद व्हावी म्हणून सभा भरवीत होती. यात विसंगती आहे का? जुने वाचन ही विसंगती पाहतच नाही, नवे वाचन तिला उशिरा आलेली जाग समजते. अधिक पटणारे उत्तर असे की रमाबाईंच्या दृष्टीने घरातील संबोधन आणि सरकारी दप्तरातील नाव या दोन निराळ्या नोंदी होत्या, आणि एकीसाठी दुसरी सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनात ज्यांनी शेकडो मुलींची, विधवांची, परित्यक्तांची नावे हजेरीपटावर लिहिलेली पाहिली, त्यांना नावाचे सार्वजनिक मोल कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

परंतु १९२१ चा कायदा लिंगाची अट काढून मालमत्तेची अट ठेवणारा होता. हिंदू स्त्रीच्या नावावर मालमत्ता असण्याचा संभव किती? विधवेला मिळे ती बहुधा हयातीपुरती. मतदार झालेल्या स्त्रियांची संख्या त्यामुळे नगण्य राहिली. पुढे १९३२ साली लोथियन समितीने (राधाबाई सुब्बरायन तिच्या सदस्य होत्या) संख्या वाढविण्याचा जो मार्ग सुचविला तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. मालमत्ताधारक मतदाराची पत्नी किंवा विधवा म्हणून स्त्रीला मत मिळावे, अथवा ती साक्षर असावी. १९३५ च्या कायद्याने ही तरतूद थोड्याफार फरकाने स्वीकारली आणि सुमारे ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेसह प्रमुख स्त्री-संघटनांचा पत्नीत्वाच्या या अटीला विरोध होता. त्यांना मालमत्ता, शिक्षण, विवाह यांपैकी कशाचीही अट नसलेला प्रौढ मताधिकार हवा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या संदर्भातील १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकाराचीच बाजू घेतली होती. कायदा मात्र दुसऱ्या वाटेने गेला. याचा अर्थ असा की ‘अमक्याची बायको’ हे केवळ खेड्यातल्या लाजऱ्या स्त्रीने उच्चारलेले शब्द नव्हते. ती १९३५ च्या कायद्याने मान्य केलेली मतदाराची संज्ञा होती. राज्याने एकदा स्त्रीला बायको म्हणून यादीत घेतले, आणि सोळा वर्षांनंतर तिने स्वतःला बायको म्हटले म्हणून यादीबाहेर ठेवले.

साक्षरतेच्या अटीनेही काही वेगळे साधले नाही, हे मराठी वाङ्मयच सांगते. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली, म्हणजे लोथियन अहवालाच्या दुसऱ्याच वर्षी, प्रसिद्ध झाला, तो विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकून नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातील कोंडी त्यात मांडली होती आणि त्यावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्या वादाचा मोठा भाग लेखिका कोण, तिचे खरे नाव काय, याविषयी होता. शिक्षणक्षेत्रात काम करणारी, नव्या कायद्यातील साक्षरतेच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारी ही स्त्री मतदारयादीत आपले नाव घालू शकली असती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घालू शकली नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मताधिकार आणि वारसाहक्काने आलेला पैसा यांची तुलना करून पैशाला अधिक महत्त्व दिले होते, आणि इतिहासातील अनामिक कवी बहुधा स्त्रीच असावी असे सुचविले होते. मराठी लेखिकेपुढे खोली आणि पैसा यांच्या आधी सहीचा प्रश्न उभा होता. लक्ष्मीबाई टिळक या बाबतीत सर्वांत मोकळ्या. ‘स्मृतिचित्रे’त त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. आडनावाची ही सोय उखाण्याच्या मर्यादेत बसते आणि तिला वळसाही घालते. निवेदनातील सगळा खट्याळपणा त्या एका संबोधनाने शक्य होतो.

संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने मालमत्ता, साक्षरता, पत्नीत्व या सर्व अटी रद्द केल्या. ज्यांना आधीच्या कोणत्याही कायद्याने मत मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, अशा दलित, भूमिहीन, निरक्षर स्त्रिया प्रथमच मतदार झाल्या. या पिढीचे आत्मकथन वाचावयास मराठी वाचकाला आणखी तीस वर्षे थांबावे लागले. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. येथेही शीर्षकात ‘आमुचं’ आहे. मराठीत ‘आपले’ म्हणताना ऐकणारा आत घेतला जातो, ‘आमचे’ म्हणताना तो बाहेर राहतो. रमाबाईंच्या ‘आमच्या’मध्ये एक दांपत्य आहे आणि वाचक त्याबाहेरचा आहे. बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये फलटण परिसरातील महारवाडा आहे, आणि बाहेर ठेवलेला वाचक हा बहुतांशी तोच समाज आहे ज्याने त्या वस्तीला गावाबाहेर ठेवले होते. रमाबाईंच्या पुस्तकाला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना होती. बेबीताई आपल्या दुकानात बसून लिहीत, आणि मतदार होऊन कित्येक वर्षे लोटली असतानाही लिहिलेले कागद पतीच्या नजरेस पडू नयेत म्हणून दडवून ठेवीत. सुमारे वीस वर्षे ते तसेच दडलेले होते.